इंजिन रुळविताना

नवा बैल नांगराला जुंपण्यापूर्वी रुळवावा लागतो. नवी वहाण पायात रुळेपर्यंत चावते. आणि नवी सून घरात रुळेपर्यंत तिने व घराने, दोघांनीही थोडे सोसावयाचे असते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु लोखंडाचे निर्जीव यंत्र, तेही रुळवावे लागते ही गोष्ट वयाची चाळिशी जवळ येईपर्यंत माझ्या गावी नव्हती; आणि ते कसे रुळवावे हे कळावयास तर सहासष्टावे वर्ष उजाडावे लागले. मधल्या सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एका सज्जन माणसाचा जो अपराध घडला, तो कबूल करावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहावयास घेतला आहे.

वाचक म्हणतील, पेन्शनीत निघालेल्या शाळामास्तराला मोटारसायकलीच्या इंजिनाशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, पाठशाळेत थोडेफार संस्कृत घोकलेला मनुष्य. माझा जन्म शब्दरूपे आणि धातुरूपे पाठ करून घेण्यात गेला. यंत्राची हौस होती ती आमच्या थोरल्या बंधूंना. वाईतील आमच्या एकत्र कुटुंबाचे तेच कर्ते पुरुष. सरकारी कचेरीतील कारकुनीच्या पगारातून पैसा पैसा साठवून दादांनी 1981 साली एक बुलेट मोटारसायकल विकत घेतली. इंग्लंडातील रेडिच गावची ही गाडी 1955 पासून मद्रासेस तयार होऊ लागली. साडेतीनशेची म्हणतात, पण तिच्या इंजिनाचे खरे माप 346 घनसेंटिमीटर; सिलिंडराचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. हे आकडे दादांना रामरक्षेसारखे मुखोद्गत होते. गाडी आळीच्या तोंडाशी आली की तिच्या भारदस्त ठेक्यावरून वहिनी चहाचे आधण ठेवीत.

सोळा वर्षे वापरल्यावर, 1997 साली, गाडीची शक्ती अगदी कमी झाली. गावात एक उस्ताद होते. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांस ते आवडणार नाही. त्यांनी इंजिन उघडले, सिलिंडर आतून कातून वीस थाऊने, म्हणजे इंचाच्या वीस सहस्रांशांनी, मोठा करून घेतला, नवा पिस्टन व नव्या रिंगा बसविल्या आणि इंजिन पुन्हा बांधून दिले. तेव्हा दादांची बदली साताऱ्यास झालेली. रोजचे जाणे-येणे एस्. टी. ने. ते मला म्हणाले, "गाडी रुळविण्याचे काम तुझ्याकडे. तुझ्यासारखा शिस्तीचा माणूस घरात दुसरा नाही." ह्या एका वाक्याने मी जो फुगलो, तो पुढे कित्येक वर्षे उतरलो नाही.

गाडी ताब्यात देताना उस्ताद म्हणाले, "गुरुजी, पहिलं आठशे किलोमीटर ताणू नका. पण निस्ती बैलगाडीबी करू नका. जरा चढाला घाला, मूठ पिळा, परत सोडा. तिला काम पडलं पाहिजे." ह्यातील पहिले वाक्य मी शिरोधार्य मानले. पुढची वाक्ये मला अशिक्षित माणसाची बेफिकिरी वाटली. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मजजवळ होते. त्यात नव्या इंजिनाने किती वेग ओलांडू नये हे छापलेले होते. जे ओलांडावयाचे नाही त्याच्या आसपासही फिरकू नये, असा त्याचा अर्थ मी लावला. स्पर्श नको म्हटले की सावलीही नको, असे सोवळे पाळणाऱ्या घरातच माझे बालपण गेले होते!

मग माझे व्रत सुरू झाले. पहाटे साडेपाचास उठावे, मेणवलीवरून धोमपर्यंतच्या सपाट रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर जावे आणि तितकेच परत यावे. वेग तासाला तीस. न कमी, न अधिक. पसरणीच्या घाटाकडे गाडीचे तोंडसुद्धा फिरविले नाही. एका वहीत तारीख, अंतर व वेळ लिहून ठेवी. दीड महिन्याने आठशे किलोमीटर भरले. वही मी दादांच्या पुढे ठेवली, तेव्हा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखी माझी छाती भरून आली होती.

पुढे आठच दिवसांत गाडी धूर ओकू लागली. निळसर, उग्र वासाचा धूर. ऑइल तर एवढे पिऊ लागली की महिन्यातून दोनदा वरून ओतावे लागे. इकडे व्रतात कोठे न्यून नव्हते; वही साक्षीला होती. तेव्हा दोष उघडच कारागिराचा! नव्या रिंगांचे पैसे घेऊन ह्याने जुन्याच रिंगा घातल्या असतील, हा तर्क मी केला. आणि तर्कावर न थांबता, बाजाराच्या दिवशी, उस्तादांच्या दुकानासमोर, चार माणसांच्या देखत उच्चारला. "तुमच्या हाताला चोरीची सवय दिसते," हे माझे नेमके शब्द. उस्तादांनी हातातील पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले आणि इतकेच म्हटले, "गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं." त्या दिवसापासून मी त्या गल्लीने जाणे सोडले.

दादा मात्र कोणालाच बोलले नाहीत. गाडी सुरू करताना मागे धुराचा लोट उठला की ते हसून म्हणत, "आपले घर अग्निहोत्र्याचे, होम अखंड चालू असावयाचाच." पुन्हा इंजिन उघडा असे मी सुचविले की ते विषय बदलीत. त्यांना पाचगणीवरून महाबळेश्वरापर्यंत वहिनींना मागे बसवून नेण्याची फार हौस होती. परंतु तसल्या इंजिनाने घाट चढविणे त्यांना प्रशस्त वाटेना. गाडी गावातल्या गावात फिरली. 2011 साली दादा गेले, आणि गाडीवर गोणपाट पडले ते तेरा वर्षे.

गेल्या साली, म्हणजे 2024 च्या उन्हाळ्यात, पुण्याचा पुतण्या आला असता ती मोडीत काढावी अशी गोष्ट निघाली. वहिनी आता ऐंशीच्या घरात आहेत. सहसा मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "भावोजी, एकदा ती चालू करा. दारावरून जाताना आवाज ऐकू दे. मग काय हवे ते करा." ह्यावर कोण काय बोलणार? मी गावातील दोन-तीन कारागिरांकडे गेलो. बिडाच्या सिलिंडराची जुनी बुलेट म्हणताच सगळ्यांनी एकाच दुकानाचे नाव सांगितले. ज्या गल्लीत मी सत्तावीस वर्षे पाऊल टाकले नव्हते, ती गल्ली. दुकान आता उस्तादांचा मुलगा चालवितो. तो माझ्याच वर्गात शिकलेला. मला पाहून लगबगीने उठला व त्याने स्टूल पुसून पुढे केले. आत, सावलीत, खाटेवर उस्ताद बसले होते. त्यांची दृष्टी अधू झाली आहे. मी नमस्कार केला; त्यांनी आवाजावरून मला ओळखले आणि मुलाला चहा सांगितला. मागचे एक अक्षर कोणी काढले नाही.

चार दिवसांनी बोलावणे आले. इंजिन उघडून ठेवले होते. मुलाने सिलिंडर उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "गुरुजी, आत बघा." वरच्या बाजूस थोडा गंज होता, मधला सारा पट्टा मात्र आरशासारखा लखलखत होता. मला वाटले, इतका गुळगुळीत सिलिंडर म्हणजे उत्तमच! मुलगा हसला. "हीच तर काच बसलीय. हिला कधी काम पडलं नाही. फार हळू चालवून रुळवलेली दिसते." मग त्याने रिंगा दाखविल्या. त्यांच्यावर वीस थाऊचा आकडा कोरलेला होता. नव्या मापाच्या, अगदी बरोबर त्याच रिंगा. आणि त्यांच्या कडेवर कारखान्यातील मूळचे ओरखडे बऱ्याच ठिकाणी तसेच होते. सिलिंडराच्या भिंतीशी त्यांची कधी धड घसटच झाली नव्हती.

त्याने मला जे समजावून दिले, ते थोडक्यात सांगतो. सिलिंडर कातल्यावर त्याची भिंत मुद्दाम अगदी गुळगुळीत ठेवीत नाहीत. दगडाने घासून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांच्या खाचांत ऑइल धरून राहते, आणि त्यांच्या उंचवट्यांवर नव्या रिंगा घासून दोघांची पृष्ठे एकमेकांस जुळतात. परंतु रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. पेट्रोलाचा भडका उडाला की तो तप्त वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. इंजिनावर भार जितका अधिक, तितका हा रेटा अधिक. भारच पडला नाही तर रिंग वरचेवर सरकते, ऑइल वर झिरपते, जळते आणि रेघांच्या खाचांत साचून काचेसारखे टणक होते. एकदा ती काच बसली की मग रिंग जन्मात जुळत नाही. नुसत्या चालण्याने ती काच जात नाही. सिलिंडर पुन्हा घासावा लागतो.

उलट पहिल्याच दिवशी गाडी भरधाव सोडली तर दुसरा अनर्थ. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंमधील फट इंचाच्या काही सहस्रांशांचीच. नव्या घर्षणाने उष्णता वाढली की फट नाहीशी होते आणि पिस्टन जागच्या जागी धरला जातो. म्हणून ताणावयाचे नाही, आणि निजवावयाचेही नाही. उस्तादांनी 1997 साली हेच सांगितले होते. मी अर्धेच वाक्य ऐकले होते.

मी उठून खाटेपाशी गेलो. संस्कृतात क्षमायाचनेची स्तोत्रे पुष्कळ आहेत. त्यांतील एकही त्या वेळी उपयोगी पडले नाही. "उस्ताद, माझी चूक होती. मी तुम्हांला चोर म्हटले," एवढेच कसेबसे बोललो. ते म्हणाले, "ते मला तवाच ठाऊक होतं, गुरुजी." आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी अद्याप पुरते पचविलेले नाही. मी दुकानासमोर तमाशा केला त्याच आठवड्यात दादा त्यांच्याकडे गेले होते. उस्तादांनी त्यांना खरे कारण सांगितले. सगळे ऐकून दादा म्हणाले होते, "माझा भाऊ दीड महिना पहाटे उठून ही गाडी चालवीत होता. आपल्याच हातून ती बिघडली हे त्याला कळले, तर तो जन्मभर मनाला लावून घेईल. तुम्हांला लागलेला बोल मला लागला असे समजा." आता कळले, दादा इंजिन उघडू का देत नव्हते. ते उघडले असते तर कारणही उघडे पडले असते. "दर दिवाळीला फराळाचा डबा यायचा की त्यांचा," उस्ताद म्हणाले, "आणि मी गप ऱ्हायलो." घरी येऊन वहिनींना विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तो डबा मीच भरत असे."

दादांचे हे करणे बरोबर होते काय? मला अजून निश्चय करता येत नाही. त्यांनी मला वाचविले, पण किंमत दिली ती एका निरपराध माणसाने, बाजारातल्या आपल्या पतीने. तरीही इतके खरे, की सत्य ऐकून घेण्यासारखा मी तेव्हा नव्हतो. आणि तसा मी व्हावे म्हणून कोणी मला घाटाला घातलेही नव्हते. घरात मी विद्वान, शिस्तीचा. मला उलट बोलावयाचे नाही, असा सर्वांचा परिपाठ. माझ्यावरही एक प्रकारची काच बसली होती, ती अशी.

इंजिन ह्या खेपेस चाळीस थाऊपर्यंत कातले. बांधून झाल्यावर मुलाने पुशरॉड बोटांनी फिरवून दाखविले. थंड इंजिनात ते सहज फिरावेत, पण वर-खाली मुळीच हलू नयेत, ही टॅपेटची परीक्षा. मग विधिपूर्वक किक. डिकाँप्रेसर दाबून पिस्टन माथ्याच्या किंचित पुढे न्यावयाचा आणि मग एकच लाथ! तिसऱ्या लाथेला ती बोलली. मुलाने वर जाणाऱ्या ऑइलच्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला. ऑइल पाझरलेले पाहूनच त्याचे समाधान झाले. चार-पाच मिनिटे चालवून बंद केली व पूर्ण निवू दिली. नुसती उभी ठेवून घुमवीत बसणे हेही वाईटच, असे त्याने बजावले. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळले.

पहिले ऐंशी किलोमीटर होताच ऑइल काढले. ताटलीत ओतले तेव्हा त्यात अभ्रकाच्या चुऱ्यासारखी चमक होती. दोन पृष्ठे एकमेकांस जुळताना दोघांनीही जे सोडले, तो हा चुरा. तो वेळीच काढून टाकला नाही तर पुढे तोच बाकीचे अवयव खातो. नवे ऑइल घातले, आणि उस्ताद म्हणाले, "आता घाट. मी मागं बसतो."

एक सहासष्ट वर्षांचा मास्तर, त्याच्या मागे त्याहून वडील व अंधुक दृष्टीचे उस्ताद, आणि मुलगा आपल्या गाडीवरून पाठीशी. अशी आमची स्वारी पसरणीच्या घाटास लागली. उस्तादांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी गाडी चालवीत होते. खांद्यावर बोटे रुतली की मूठ द्यावयाची. तळहाताने थोपटले की सोडावयाची. तिसऱ्या गिअरात अर्धी मूठ देऊन चढाचा एक टप्पा घेतला. इंजिनाचा आवाज भरला, घट्ट झाला. माझ्या काळजाचे पाणी होऊ लागले. बोटे तशीच रुतलेली. मग थाप पडली. मी मूठ सोडली. मूठ सोडली म्हणजे सिलिंडरात ओढ उत्पन्न होते आणि खालचे ऑइल भिंतीवर वर खेचले जाऊन पिस्टनला थंडावा मिळतो. श्रम आणि विसावा, श्रम आणि विसावा. पण श्रम खरा असला पाहिजे. एका वळणावर थांबलो. खाली कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी, वाईची देवळे उन्हात पसरली होती. "काय म्हणते?" मी विचारले. "बसतीय," उस्ताद म्हणाले. नव्या रिंगांविषयी कारागीर ह्यापेक्षा अधिक स्तुती करीत नाही.

माझ्या अध्यापनाच्या चौतीस वर्षांत किती मुलांना मी तासाला तीसच्या वेगाने धोमच्या सपाट रस्त्यावरून फिरविले असेल, असा विचार त्या वळणावर मनात आला. पाठांतर स्वच्छ, वही सुंदर, चूक एकही नाही. आणि पुढे पहिल्याच चढावर धूर. अवघड उतारा मी टाळीत असे, मुले घाबरतील म्हणून. काही अविचारी शिक्षक पहिल्याच दिवशी दामटून मुलांना जागच्या जागी जाम करतात; त्यांना मी नावे ठेवीत आलो. माझी जात त्यांहून निराळी एवढेच. निरुपद्रवी मात्र नव्हे. घरोघरच्या आजोबा-आजींनी, ज्यांच्या हाती हल्ली एकुलते एक नातवंड असते, ह्याचा विचार करावा, इतके सुचवून मी माझी मास्तरकी आवरती घेतो.

आठशे किलोमीटर भरले तेव्हा मुलाने प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. नाचणीच्या भाकरीच्या रंगाचा, कोरडा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरविले. पूर्वी ते काळे-ओले होऊन येत असे, आता कोरडी करडी पूड लागली. बाजाराचा दिवस होता. मी दुकानासमोर उभा राहून, जितक्या मोठ्याने पूर्वी बोललो होतो तितक्याच मोठ्याने, झालेली हकिगत जमलेल्यांस सांगितली. त्या वेळच्या चौघांपैकी आता बहुधा कोणी नसेल. उस्ताद आतून म्हणाले, "पुरे, गुरुजी, गिऱ्हाईक थांबलंय."

संध्याकाळी गाडी आळीत शिरली. वहिनी ओसरीवर येऊन खांबाला धरून उभ्या होत्या. मी दारावरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि इंजिन बंद केले. त्या बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या.

"भावोजी, आता धूर नाही हो येत?"

"नाही, वहिनी. आता येणार नाही."

"बरे झाले," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपीत हसून म्हणाल्या, "पण ह्यांना बाई चुकल्याचुकल्यासारखे झाले असते." मग त्या चहाचे आधण ठेवावयास आत गेल्या.